आवाजांची ज्येष्ठता यादी

सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आणि सैन्यातून निवृत्त झालेली गाडी यांच्यात मुख्य फरक असा, की माणसाला पेन्शन मिळते आणि गाडीला आमच्या यजमानांसारखा मालक मिळतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, गड-किल्ले चढतात किंवा सोसायटीच्या कमिटीवर जाऊन इतरांचे जगणे कठीण करतात. यांनी लिलावात निघालेली मारुती जिप्सी घेतली. रंग ऑलिव्ह हिरवा, छत कॅनव्हासचे, मागे समोरासमोर दोन बाके आणि बंपरवर उभ्या बाणाने सुरू होणाऱ्या लष्करी नंबराची खरवडलेली खूण. लिलावापासून आरटीओच्या पासिंगपर्यंतचा कागदोपत्री प्रवास हा स्वतंत्र लेखाचा विषय असून तो लिहिण्याएवढे आयुष्य माझ्याकडे शिल्लक असेल असे वाटत नाही. मी फक्त आवाजाबद्दल लिहिणार आहे. कारण मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, कंपने आणि ध्वनी हे प्रकरण वर्षानुवर्षे फळ्यावर उतरवत आले आहे, आणि ते प्रकरण एक दिवस नंबरप्लेट लावून आमच्या पार्किंगमध्ये येऊन उभे राहील याची मला कल्पना नव्हती.

जिप्सीवर अन्याय नको म्हणून आधी तिची बाजू मांडते. ही गाडी आपल्याकडे 1985 च्या अखेरीस आली, आमच्याकडची 1.3 लिटर इंजिनाची आहे. वजन जेमतेम टनभर, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि त्या चारही टोकांना पाट्यांच्या कमानी. जिथे रस्ता नावाची वस्तूच नाही तिथे माणसे आणि वायरलेस संच घेऊन पोहोचावे, बंद पडलीच तर पान्हा आणि पक्कड एवढ्यावर पुन्हा सुरू व्हावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती आणि ती तिने लडाखपासून राजस्थानपर्यंत इमानाने पुरी केली. आत बसलेल्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू यावे ही अपेक्षा त्यात कधीच नव्हती. हुकूम काय, तसाही ओरडूनच देतात.

पहिल्याच मोठ्या फेरीत मी मोबाइलवर आवाज मोजणारे अ‍ॅप उघडून बसले. मोबाइलचे मोजमाप काटेकोर नसते, हे मी विद्यार्थ्यांना बजावते तसे इथेही बजावते; तरी ताशी 80 च्या वेगाला आकडा 85 डेसिबलच्या पुढेच खेळत होता. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि औद्योगिक भागात 75 डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे किल्ली फिरवून गाडी हमरस्त्याला लागली, की आमच्या मालकीची ही चिमुकली जागा निवासी तर राहत नाहीच, औद्योगिक वसाहतीतही बसत नाही. हे मी यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले.

"अगं, सैन्याची गाडी आहे!" हे ओरडले.

या एका वाक्यावर आमच्या घरातल्या कितीतरी चर्चा संपल्या आहेत. पाठ धरली, सैन्याची गाडी आहे. चहा थर्मासमधून कपात न पडता साडीवर पडला, सैन्याची गाडी आहे. शेवटी मी सैन्याचेच मत काय आहे ते शोधून काढले. जिप्सीच्या जागी नवी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा सैन्याने ज्या मुख्य अटी घातल्या त्या अशा: किमान 800 किलो भार वाहण्याची क्षमता, टणक छत आणि वातानुकूलन. त्यानुसार 2017 साली 3,192 टाटा सफारी स्टॉर्म गाड्यांची मागणी नोंदवली गेली. ज्या कॅनव्हासला सीमेवरचे जवानही कंटाळले, त्याखाली आम्ही दोघे साठीच्या उंबरठ्यावर स्वखर्चाने बसलो होतो. हे ऐकून हे थोडे विचारात पडले आणि म्हणाले, "मग आपण आवाज कमी करू." ऑर्डिनरी मनुष्य इथे गाडी विकण्याचा विचार करतो. पण एका पैशाचा फरक सापडेपर्यंत खातेवहीवरून न उठलेल्या माणसाला आवाज हा जुळत नसलेल्या ताळेबंदासारखाच वाटला, आणि मोहीम सुरू झाली.

पहिला हल्ला पत्र्यावर झाला. काळ्या चिकट ब्यूटिल रबराच्या, वरून चांदीच्या कागदाच्या शीट बाजारात मिळतात; त्या पत्र्याला आतून चिकटवून रुळाने दाबायच्या असतात. यांनी आधीच्या सगळ्या मॅट काढल्या, फरशी घासली आणि दारांच्या आतल्या बाजूपासून चाकांवरच्या कमानीपर्यंत जिथे हात पोहोचला तिथे शीट डकवली. परिणाम खरोखर झाला. पूर्वी दाराच्या पत्र्यावर टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखा निनाद यायचा, तिथे आता ठोस "टप" असा आवाज येऊ लागला. सोसायटीतल्या प्रत्येकाला दारावर टिचकी मारायला लावण्यात आले. मग आम्ही हमरस्त्यावर गेलो आणि मापकाने जवळपास जुनाच आकडा दाखवला.

यांचा चेहरा पाहवेना, म्हणून मी गाडी बाजूला घ्यायला लावून खुलासा केला. ही शीट पत्र्याची स्वतःची थरथर मारते. बाहेरून येणारा आवाज अडवणे हे तिचे काम नाही, त्याला जड आणि सलग भिंत लागते. तशी भिंत उभारली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त 1 टक्का भोक राहिले, तर कितीही जाड भिंत 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. इथे तर आख्खे छप्परच कापडाचे. त्यात भर अशी, की सारख्याच जोराचे दोन आवाज चालू असताना त्यातला एक समूळ नष्ट केला तरी मापक केवळ 3 डेसिबलने उतरतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. हे सगळे मी फार समजुतीच्या सुरात सांगितले, परंतु शेजारून ट्रक जात असल्यामुळे त्यातले बरेचसे वाया गेले.

यानंतर जे घडत गेले ते सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही चटकन कळेल. मोठा आवाज बारीक आवाजाला झाकतो. म्हणजे गाडीतले आवाज एकाच वेळी सगळे ऐकू येत नाहीत, ते ज्येष्ठतेप्रमाणे खुर्चीवर बसतात. वरचा साहेब निवृत्त केला की खालचा, जो इतकी वर्षे टेबलामागे मुकाट फायली हलवत होता, तो बढती घेऊन त्याच खुर्चीत येतो आणि आपला स्वभाव दाखवू लागतो. हुडाची, म्हणजे कॅनव्हासच्या छताची, फडफड हा आमचा पहिला साहेब होता. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे ताशी 40 ला जे कापड सभ्यपणे हलते तेच 80 ला कानशिलात वाजवते. यांनी नवे पट्टे शिवून घेतले, हूड तबल्यासारखा ताणून बांधला आणि फडफड थांबली. ती थांबताच टायरांचे गुणगुणणे ऐकू आले. चिखलासाठी केलेले खोल खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर एका सुरात गातात आणि वेगाबरोबर तो सूर चढत जातो. माझ्या कानाने तो काळी दोनपर्यंत गेलेला ऐकला आहे. रस्त्याचे टायर बसवले, गाणे थांबले, आणि मग ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा, दांडा बोलू लागला.

हा अध्याय जरा सविस्तर सांगायला हवा, कारण इथे आम्हाला खरे यश मिळाले. चारही चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्याच पाठीला घट्ट जोडलेली असते. जिप्सीत ती वेगळी, रबराच्या तीन फाउंडेशनवर, म्हणजे हादरे झेलणाऱ्या बैठकांवर, टांगलेली आणि गिअरबॉक्सशी एका आखूड शाफ्टने जोडलेली असते. ती तीन रबरे म्हातारी झाली की आख्खी केस लोंबकळत थरथरते, तिची थरथर दांड्यात येते, आणि दांडा पायापाशी एका ठरावीक वेगाला "झर्रर्र" करून बोलतो. हे त्यावर हात ठेवत. हात ठेवला की आवाज थांबे, काढला की पुन्हा सुरू होई, आणि घाटात दोन्ही हात स्टिअरिंगला लागत असल्यामुळे दांड्यावर हात ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. भोरहून वरंध घाट उतरून महाडकडच्या आमच्या गावी जाताना मी निसर्गसौंदर्य पाहिलेले नाही. मी दांडा धरून बसलेली होते.

गॅरेजच्या मिस्त्रींनी रबरे बदलली. झर्रर्र गेली आणि तिच्याखालून एक खोल "घुंग-घुंग" वर आली. मिस्त्री गाडीखाली सरकले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग फक्त हात बाहेर आला. "वहिनी, खडू आहे का?" शिक्षिकेच्या पर्समध्ये खडू असतोच. त्यांनी मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, दोन्ही टोकांच्या क्रॉसवर, म्हणजे वाकत्या सांध्यांवर, खडूने रेघा मारल्या आणि मला वाकून बघायला सांगितले. दोन रेघा एका पातळीत नव्हत्या. कोणीतरी कधीतरी शाफ्ट उघडून परत जोडताना तो दात चुकवून बसवला होता. क्रॉस तिरका फिरू लागला की त्यापुढच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमका त्याच पातळीत असेल तर तो ही खोड पुसून टाकतो, नसेल तर उलट तीत भर घालतो. सैन्यातून बाहेर पडल्यापासून बिचारी गाडी प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के स्वतःच स्वतःला देत होती. मिस्त्रींनी शाफ्ट सोडवला, फिरवला, रेघेसमोर रेघ आणून जोडला. एका रुपयाचाही सुटा भाग लागला नाही, आणि इतक्या महागड्या शीटने जे झाले नव्हते ते खडूने झाले. परत येताना आम्ही घरापर्यंत चक्क बोलत आलो. बोलण्यासारखे फारसे काही नाही, हेही तेव्हाच लक्षात आले.

आवाज उतरला तसे हादरे जाणवू लागले. माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या कंपनांना सेकंदाला 4 ते 8 वेळांच्या पट्ट्यात सर्वांत हळवे असते. साध्या मोटारीची स्प्रिंग सेकंदाला एक-दीड वेळा झुलते, म्हणून माणूस तिच्यात पेंगतो. आमच्या पाट्यांच्या थरांत मात्र इतका गंज होता, की बारीकसारीक खड्ड्यांना ते पाटे एकमेकांवर सरकतच नसत. आख्खी गाडी केवळ टायरांतल्या हवेवर उडे आणि नेमकी त्या हळव्या पट्ट्याच्या दारात जाऊन उभी राही. पाटे उतरवून घासले, मध्ये ग्रीस भरले, शॅकलचे बुश बदलले, तेव्हा कुठे दात एकमेकांवर आपटायचे थांबले. तरी एक अडचण उरलीच. कमानी भरलेल्या गाडीसाठी घडवलेल्या आणि बसणारे आम्ही दोघे काटकुळे. वस्तुमान वाढले की दोलनाची वारंवारता उतरते, हे सूत्र मी सांगायच्या आधीच गावाहून येताना सिद्ध झाले होते: जाताना उड्या मारणारी गाडी येताना तांदळाची पोती, नारळ आणि फणस घेऊन मोठ्या घरच्या सुनेसारखी सावकाश आली. तेव्हापासून प्रवासाचे आमंत्रण वजन पाहून दिले जाते. माझ्या नणंदेचे यजमान शंभरीच्या पुढचे आहेत, किलोंत. आपल्यावर मेहुण्यांचा इतका जीव केव्हापासून जडला याचे त्यांना कोडे आहे, आणि ते मागच्या बाकावर नेमके अ‍ॅक्सलच्या वर बसवले जातात हे त्यांच्या अजून ध्यानात आलेले नाही.

या सर्व काळात एकच प्रवासी पूर्ण समाधानी होता, तो म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पुढच्या सीटवर बसतात, कानातले यंत्र काढून पदराच्या गाठीत बांधतात आणि महाडपर्यंत शांतपणे जप करतात. "गाडी छान आहे हो," असे त्या सर्वांना सांगतात आणि यांना त्यांचे मत निर्णायक वाटते.

आता यादीत शेवटचे नाव उरले होते ते खुद्द इंजिनाचे. ताशी 80 च्या आसपास इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या घरात पोहोचले की फरशी, सीट आणि माझी पाठ मिळून एक घुमारा धरतात. यांनी इंजिनाचे फाउंडेशन बदलून पाहिले, एक्झॉस्टच्या पाइपाचे रबरी टांगे बदलून पाहिले. घुमारा थोडा बसला, पण गेला नाही. शेवटी एका रात्री जेवणाच्या टेबलावर मी वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे आकृती काढली. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तरी वरच्या अर्ध्या टप्प्यातली त्यांची गती खालच्या टप्प्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे हिशेब पूर्ण मिटत नाही आणि इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला दोन या दराने उभा धक्का शिल्लक राहतो. तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला 50, म्हणून धक्के सेकंदाला 100. हा दोष गाडीचा नाही, मिस्त्रींचा नाही, चार या आकड्याचा आहे. एका रांगेत सहा सिलिंडर असते तर हे सर्व धक्के एकमेकांना पुरते मिटवून गेले असते. हे मी अतिशय मन लावून समजावले. चाळीस जणांच्या वर्गात इतके एकाग्र श्रोते मला कधी मिळालेले नाहीत. यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्यानंतर काही दिवस हे फोनवर गॅलरीत जाऊन बोलू लागले. मग एका सकाळी चहाबरोबर माझ्यापुढे एक फोटो ठेवण्यात आला. चौकोनी तोंडाची, आमच्या जिप्सीच्या दीडपट, त्याच ऑलिव्ह रंगाची एक गाडी कुठल्याशा शेडखाली चारही टायर बसलेल्या अवस्थेत उभी होती.

"जोंगा," हे म्हणाले. "जबलपूरच्या वाहन कारखान्यातली. 1969 पासून 1999 पर्यंत केली त्यांनी सैन्यासाठी. मूळ निसानची ‘पॅट्रोल’ नावाची गाडी."

"अहो, पण कशाला?"

यांनी खिशातून वाणसामानाची यादी काढली, उलटी केली आणि माझ्याच अक्षरातल्या आकृतीवर बोट ठेवले. "चार लिटरचे इंजिन आहे. एका रांगेत सहा सिलिंडर. धक्का शून्य. तूच सांगितलेस."

आकृतीत चूक नव्हती. मी दोनदा तपासली. मग लिटरला किती चालते, एवढेच विचारले, तेव्हा हे उठून आत गेले आणि आतून ओरडले, "सैन्याची गाडी आहे!"