खुलासा: 1969 ची कॅमॅरो झेड/28 फक्त व्हिनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) सिद्ध होत नाही

‘व्हिन जुळला म्हणजे अस्सल झेड/28’ हा फिरता दावा चुकीचा आहे. व्हिनच्या सुरुवातीचे 12437 एवढंच सांगतात: शेव्हरोले, व्ही-8 कॅमॅरो, कूप. झेड/28 हा कॅमॅरोवर वेगळा मागवायचा जोरदार इंजिनाचा ऑप्शन होता, त्याची खूण व्हिनमध्ये नाही. कारखान्याची नोंदही मागू नका. ती मिळते फक्त कॅनडात विकलेल्या गाड्यांची.

मग इंजिन. ब्लॉकच्या पुढच्या उजव्या बाजूच्या पॅडवर (ठसे मारायच्या सपाट जागेवर) झेड/28 च्या इंजिनाचा डीझेड हा कोड आणि व्हिनचे शेवटचे अंक हवेत. पण हे कोणीही ठोकू शकतो, म्हणून आधी पॅडचा पृष्ठभाग पाहा: मूळ ब्रोचिंगच्या (कारखान्यात पृष्ठभाग सपाट कापण्याच्या) बारीक समांतर रेषा समोरून मागे जातात. पॅड गुळगुळीत किंवा गोल ओरखड्यांचा असेल तर ब्लॉक घासलाय. दुरुस्तीत प्रामाणिकपणे मशिनिंग झालेलं असू शकतं, पण ठसा पुरावा राहत नाही.

तारखांचा क्रम तपासा: ब्लॉकचं ओतकाम, मग इंजिन जोडणी, शेवटी गाडी. ओतकाम गाडीनंतरचं निघालं तर विषय संपला.

डिसेंबर 1968 नंतरच्या नॉरवुड कारखान्याच्या ट्रिम टॅगवर (गाडीचे कोड असलेल्या पट्टीवर) झेड/28 चा एक्स33 किंवा एक्स77 हा कोड हवा. लॉस एंजेलिस कारखान्याच्या टॅगवर तो नसतो, म्हणून तिथल्या गाडीला खोटी ठरवू नका. टॅगही नकली मिळतात. हीटर बॉक्समागचा लपलेला व्हिन जुळवाच.