लॅब आली आहे, मुलांपासून जपा

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या सरकारी शाळेला टिंकरिंग लॅब मंजूर झाली आणि तिचे प्रभारी म्हणून तुमचं नाव वर गेलं. तुम्ही संस्कृत शिकवता, ही अडचण कुणाला जाणवलेली नाही. विज्ञानाची जागा रिकामी, त्या जागेवरचे अतिथी शिक्षक दरसाल बदलणार, आणि लाखांचं सामान कायम नोकरीतल्या माणसाच्याच नावावर चढलं पाहिजे, असं प्राचार्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा स्टाफरूममध्ये तुम्ही एकटेच होतात. बाकीचे मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरत होते.

घाबरू नका. अशा लॅबा सांभाळून, एकही वस्तू न हरवता, सुखरूप रिटायर झालेली माणसं आपल्या इंदुरात आहेत. संध्याकाळी राजेंद्रनगरच्या बाकांवर भेटतात. त्यांच्याकडून जे कानावर आलं, ते तुमच्या पदरात घालतो.

आधी पैशांचं. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून ही योजना चालवली आहे. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान: १० लाख लॅब उभारायला, १० लाख पुढची पाच वर्षं ती चालवायला. सहावी ते बारावीच्या मुलांनी थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, आर्डुइनो नावाचे प्रोग्रॅम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड हाताळावेत, तोडावेत-जोडावेत, असा मूळ हेतू. देशभरात अशा १०,००० लॅब झाल्या, आणि २०२५-२६च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी ५०,००० उभारायचं जाहीर झालं. म्हणजे पन्नास हजार नवे प्रभारी लागणार. संस्कृतवाल्यांना इतके चांगले दिवस गुप्तकाळानंतर प्रथमच येत आहेत.

योजना चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच ती जपायला हवी.

जागेपासून सुरुवात करा. नियमात सपाट प्रदेशासाठी १,५०० चौरस फूट आणि डोंगराळ भागासाठी १,००० असं लिहिलेलं होतं. इंदूर पठारावर असल्यामुळे डोंगराची सवलत आपल्याला नाही. शाळेतली एवढी मोठी, न गळणारी खोली बहुधा ग्रंथालयाची असते. पुस्तकं तीन कपाटांत कोंबून व्हरांड्यात ठेवा, कपाटांची तोंडं भिंतीकडे करा, म्हणजे कुलपांचा खर्च वाचेल. रिकाम्या खोलीच्या एका भिंतीवर कलाम, दुसरीवर आइन्स्टाइन, तिसरीवर रॉकेट रंगवून घ्या. चौथ्या भिंतीत खिडक्या असतात. मुलं तिथूनच बघतील, म्हणून तिला पडदे लावा.

खरेदी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून होते, पण यादी तुम्हाला करावी लागत नाही. यादीसकट माणूस शाळेत येतो. तो म्हणतो, “अरे सर, आप तो बस साइन करो, बाकी अपना काम है.” करा. सामान आलं की पेट्या मोजा, फोटो काढा, फोटो अपलोड करा.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे नीट लक्ष द्या, कारण नव्या प्रभारींची माती इथेच होते. सामान डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, तुमच्या सहीने चढलं आहे. ऑडिटवाले येतील तेव्हा ते विचारणार: वीज मोजायचे मल्टिमीटर किती होते, किती आहेत? अल्ट्रासॉनिक सेन्सर किती? सर्वो मोटार किती? एखादी कमी भरली तर तुमच्याकडे बघतील, आणि फार मनावर घेतलं तर पगारातून वसुली. सातवीतल्या किती मुलांना मल्टिमीटर लावता येतो, हे मात्र कुठलंही ऑडिट विचारत नाही. त्यासाठी रजिस्टरात रकानाच आखलेला नाही. जळालेल्या बोर्डाला रकाना आहे, बोर्ड जाळून शहाण्या झालेल्या पोराला नाही. आता हिशेब तुम्हीच करा. मूल म्हटलं की ते प्लस-मायनस उलट जोडणारच. उलट जोडून धूर निघाल्याशिवाय कुणाला प्लस-मायनस कळलं आहे? तो धूर तुमच्या सहीखाली निघू नये एवढंच बघायचं. तेव्हा आर्डुइनोचे बोर्ड त्यांच्या चंदेरी पाकिटांतच राहू द्या, आणि चावी स्वतःच्या घरच्या जुडग्यात लावा.

थ्रीडी प्रिंटरची निगा वेगळी. त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं असेल ते पुसू नका, प्लॅस्टिकचं कव्हरही काढू नका. माहेरून आलेली चांदीची भांडी जशी दिवाळीलाच बाहेर निघतात, तसा हा फक्त पाहुण्यांसाठी चालवायचा. पण चालवायची वेळ आली तर ऐनवेळी फजिती होते, म्हणून सांगून ठेवतो. रिळावरची ती प्लॅस्टिकची तार, पीएलए म्हणतात तिला, हवेतली ओल ओढते. माळव्याचा पाऊस खाल्लेली तार सप्टेंबरात हातात घेतली की शेवयांसारखी कट्‌कन मोडते. तार वितळवणारी तोटी, म्हणजे नोझल, दोनशे अंशांवर तापलं की ओल्या तारेतून चुरचुर आवाज येतो, बारीक बुडबुडे निघतात, आणि पहिला थर काचेला न चिकटता गुंडाळून वर येतो. यावर उपाय आहेत. रीळ बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं, काच पुसून तिच्यावर डिंकाची कांडी फिरवायची, नोझल आणि काच यांच्यामध्ये कागद सरकवून उंची बसवायची. हे सगळं आठवीतला कुठलाही मुलगा एका दुपारी शिकतो. म्हणून तर त्याला लांब ठेवायचं. एकदा त्याला जमलं की तो रोज येईल.

पाहणीच्या दिवशी साहेबांच्या नावाची किचेन छापून द्यायची रीत आहे. किचेन व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि साहेब दहा मिनिटं थांबतात. सबब किचेन आदल्या रात्रीच छापून ठेवा आणि साहेब आले की प्रिंटर नुसता हलता ठेवा. नववीतल्या दोन गोऱ्या, इस्त्रीच्या युनिफॉर्मातल्या मुलांना पांढरे कोट घालून शेजारी उभं करा. त्यांना एकच वाक्य पाठ असावं. पोहे-जिलेबी गरम हवेत, पोह्यांवर इंदुरी जीरावण मसाला हवा. पाहणी अहवालातला सूर बराचसा तिथे ठरतो.

प्रोजेक्ट कुठला करावा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पडू देऊ नका. देशभरातल्या लॅबांनी तो सोडवून ठेवला आहे: स्मार्ट डस्टबिन. दोन गोल डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर पुढे लावायचा, हात जवळ आला की सर्वो मोटार झाकण उघडते. टाळ्या हमखास. इंदूर २०१७ पासून स्वच्छ शहरांत अव्वल, त्यामुळे विषय औचित्याचाही आहे. धोका एकच. एखादी मुलगी उभी राहून विचारते, “सर, पण आपल्या शहरात तर कचराकुंड्याच नाहीत. त्या उचलल्या म्हणून तर शहर स्वच्छ झालं. मग हा ठेवायचा कुठे?” मुलगी बरोबर बोलते आहे. इंदुराने रस्त्यावरच्या कुंड्या काढल्या, ओला-सुका वेगळा करून दारातून गाडीने उचलायला लावला, आणि खरा शोध तो होता. त्यात सेन्सर नव्हता, रोज ठरल्या वेळी येणारी गाडी होती. अशा मुलीला ताबडतोब रांगोळी समितीत घ्या. तिला तसंच सोडलंत तर ती उद्या विचारेल की गाडीत ओला कचरा किती निघाला हे मोजायचं कसं, आणि मग तुम्हाला वजनकाटा काढून द्यावा लागेल. वजनकाटा रजिस्टरात आहे.

तिची कल्पना इन्स्पायर-मानकला पाठवायचा मोह होईल. ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना. मुलाच्या स्वतःच्या डोक्यातली कल्पना शाळेने पोर्टलवर टाकायची, निवडली गेली तर नमुना करायला १०,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात. यातला ‘मुलाच्या खात्यात’ हा भाग अनेकांना खटकतो. खटकून घेऊ नका. पोर्टलवर आधीपासून तयार असलेल्या कल्पना टाका, विजेवर चालणारी काठी, सोलर टोपी वगैरे; आणि शाळेच्या हजेरीत, आधारवर आणि राज्य सरकारच्या समग्र आयडीत मुलाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं आहे याची खात्री करून घ्या. पुढचं सगळं आपोआप अडतं.

राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या भानगडीत तर पडूच नका. आठवीत परीक्षा, पास झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, देशभरात दरवर्षी एक लाख मुलांना. सातवीला ५५ टक्के आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलं म्हणजे झालं. आणि ती सरकारी, पालिकेच्या नि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. म्हणजे तुमचा अर्धा वर्ग पात्र ठरतो. पण हिची फीत कापता येत नाही, भिंतीवर रंगवता येत नाही, आणि किचेनही निघत नाही. नुसते फॉर्म भरायचे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणाच्या तरी आईला कामावर खाडा करून लोकसेवा केंद्रात उभं राहायला सांगायचं, शाळा सुटल्यावर गणिताचे पेपर सोडवून घ्यायचे. तासभर जास्त थांबल्याचा फोटो कुठल्या पोर्टलवर टाकणार?

सहलीबद्दल दोन शब्द. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. त्या सुमारास राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे जुन्या नावाने आपल्या कॅटमध्ये, शाळकरी मुलांना आत नेऊन दाखवतात. १९८४ साली पायाभरणी झालेली ही संस्था तुमच्या शाळेपासून सिटी बसच्या अंतरावर आहे, आणि तिथे इंडस-२ नावाचं १७२ मीटर घेराचं कडं आहे, ज्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. बारा महिने कॅट रोडवरून जाणाऱ्या किती मुलांना हे माहीत असतं, ते विचारू नका. जाणं टळत नसेल तर गेटवर ग्रुप फोटो काढून लवकर निघा. आत मुलांनी शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले आणि एखादा भला माणूस “हे अजून आम्हालाही कळलेलं नाही” असं म्हणाला, तर परत आल्यावर मुलं तुमच्याकडूनही त्याच उत्तराची अपेक्षा धरतील.

आणि हे सगळं फार होतंय असं वाटत असेल तर आपल्याच मध्य प्रदेशात काय घडलं ते आठवा. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी शाळांत काही लोकांनी विज्ञान शिकवायला घेतलं. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांचा हा उद्योग. पुढे १९८२ मध्ये एकलव्य संस्था निघाली आणि काम राज्यात इतर जिल्ह्यांतही पसरलं. मुलं टोळ्या करून स्वतः प्रयोग करायची. पुस्तकात प्रश्न होते, उत्तरं नव्हती. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. सवालीराम नावाचा एक काल्पनिक गृहस्थ होता, मुलं त्याला पत्रं लिहून वाटेल ते विचारायची आणि उत्तर यायचं. पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा काढून अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले आणि आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती उभी करू लागले. सरकारी शिक्षकांना सुट्टीत बोलावून हे सगळं त्यांच्याकडून आधी करून घेतलं जायचं, संस्कृतवाले असले तरी.

आता सांगा, आगपेटीची काडी डेड स्टॉकला कशी चढवायची? व्हॉल्व्हच्या नळीचं उद्घाटन कोण करणार? २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं मुलांनी प्रश्न विचारले, तेवढं पुष्कळ झालं.

तुमच्या वेळी असं काही होणार नाही. त्याआधी बदलीची ऑर्डर येईल. तेव्हा चार्ज देताना यादी नीट करा. ‘थ्रीडी प्रिंटर, एक, चालू स्थितीत’ असं लिहा. चालू करून बघायला नव्या माणसाला वेळ नसतो, त्याला कुठे सही करायची एवढंच हवं असतं. चंदेरी पाकिटं मोजून द्या. व्हरांड्यातली पुस्तकं यादीत धरू नका, त्यांना वाळवी लागली आहे. चावी मात्र घरीच विसरा. ती येईपर्यंत नव्या प्रभारीचे दोन महिने निवांत जातील, आणि बिचारा बहुधा हिंदीचा असेल.