खुलासा: ‘एआयमुळे रेडिओलॉजी संपली’ हे खरं नाही

‘रेडिओलॉजीला जाऊ नका, एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स तर मुळीच नको, पाच वर्षांत सगळं एआय करणार’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. पाच वर्षांचं असंच भाकीत एआय संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली टोरांटोत रेडिओलॉजिस्टबद्दल, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांबद्दल केलं होतं. ती मुदत कधीच उलटली. अमेरिकेत आजही रेडिओलॉजिस्ट कमी पडतात.

स्वीडनमध्ये एआयच्या मदतीने डॉक्टरांचं मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं, हे खरं. पण अंतिम निर्णय डॉक्टरांचाच होता. टीबीच्या प्राथमिक तपासणीत मात्र, १५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचे छातीचे एक्स-रे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. पण तो एक्स-रे काढायचा कोणी? धाप लागलेल्या आजींना प्लेटसमोर उभं करून, खांदे पुढे घ्यायला लावून, ‘श्वास घ्या, आता रोखून धरा’ म्हणणारा टेक्निशियनच. एक्स-रे तिरका आला तर सॉफ्टवेअरही चुकू शकतं.

खरी झळ बसतेय ती डॉक्टरांच्या नोंदी टाइप करणाऱ्या मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनला, आणि मेसेजमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नाही. त्या कोर्सची फी भरण्याआधी मात्र पालकांनी जरूर चौकशी करावी.