मुंडकं सरकारजमा

"पगार पुरतो ना तुम्हाला?"

हा प्रश्न मला गेल्या शुक्रवारी संध्याकाळी, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात हायवे २६ च्या कडेला, एका मराठी काकांनी विचारला. तेव्हा मेलेल्या हरणाचे मागचे दोन पाय माझ्या दोन हातांत होते. जखम अजून ओली आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकलं.

आता कायदा. ऑरेगनात १ जानेवारी २०१९ पासून गाडीखाली मेलेलं हरीण किंवा एल्क (हरणाचाच थोराड भाऊबंद) खाण्यासाठी उचलून नेता येतं. फक्त हे दोनच. अस्वल दिसलं तर नमस्कार करून पुढे जायचं. परवाना फुकट, ऑनलाइन, आणि जनावर उचलल्यानंतर २४ तासांत काढायचा. आधी काम, मग अर्ज. असा उलटा क्रम ठेवणारं सरकार मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

काका लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. माकडटोपी, पांढरेशुभ्र बूट. समुद्र बघून परतताना जावयानं मला ओळखून गाडी बाजूला घेतली, काय ओढतोय ते पाहिलं आणि काच वर करून आतच बसून राहिला. काका उतरले. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. कागद दिसला नाही की अशा माणसाच्या हाताला खाज सुटते.

"तुम्ही उडवलंत?"

"नाही काका, आधीच पडलेलं होतं."

"मग हक्क उडवणाऱ्याचा. तुम्ही मध्ये कुठून आलात?"

मी सांगितलं की मेलेलं सापडलं तर कुणीही नेऊ शकतं. मात्र जखमी असेल आणि हाल संपवायला मारावं लागलं, तर पोलिसांना लगेच कळवायचं आणि न्यायचा अधिकार फक्त धडकलेल्या गाडीच्या चालकाला.

"म्हणजे पूर्ण मेलेलं सार्वजनिक, अर्धं मेलेलं खाजगी," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून डायरी काढून ते खरोखरच लिहून घेतलं. पावसात. "आणि मुद्दाम उडवलं असेल तर?"

"गुन्हा आहे."

"मुद्दाम नव्हतं हे ठरवणार कोण? पंच कुठायत?"

मी इकडेतिकडे पाहिलं. डग्लस फरची झाडं होती आणि काच वर केलेला जावई होता.

"आपल्याकडे बाहत्तरचा वन्यजीव कायदा. कलम ३९. मेलेलं सापडलेलं रानटी जनावर शासनाची मालमत्ता. ताब्यात आलं तर ४८ तासांत कळवायचं. इथे चोवीसच तास? बरोबर, नेट आहे." मग पेन हरणाकडे रोखून, "मयत किती वाजता?"

सबंध चौकशीतला हा एकच प्रश्न कामाचा होता. परवाना कुणालाही मिळतो, ताजेपणाची हमी कुणीच देत नाही. खाणं सर्वस्वी आपल्या जबाबदारीवर. डोळे काचेसारखे स्वच्छ हवेत. दुधाळ होऊन आत बसले असतील तर निघून यावं. केसांत पिसवा, गोचीड चालताना दिसले तर अंगात ऊब आहे. चिमटीत धरून ओढल्यावर केस सहज उपटून आले किंवा पोट ढोलासारखं ताणलेलं असलं तर हात लावू नये. नोव्हेंबरच्या पाच अंशांत काही तासांची सवड मिळते, जुलैत तासाभराचाही भरवसा नाही. धक्का कुठे बसलाय हेही बघायचं. खांद्याला बसला असेल तर तेवढा एक फरा साकळून काळानिळा होतो. तो टाकायचा, बाकी माल बरा निघतो. पोटाला बसला असेल तर आतडी फुटून घाण थेट मांडीपर्यंत पोचते, आणि तो वास किती धुतला तरी जात नाही. इतकं मी बघतो. न्यूझीलंडहून बर्फात आलेलं मटण मंडळातले लोक मिटक्या मारत खातात. ते कधी मयत झालं, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

"आतडी इथेच सोडणार ना?"

तेही चालत नाही. सगळं न्यायचं, आतड्यांसकट. रस्त्याकडेला पोटातला ऐवज पडला की खायला कोल्हे-गिधाडं येतात आणि तीही गाडीखाली जातात. म्हणून बरोबर ताडपत्री, ढिगारा भरायच्या जाड काळ्या पिशव्या, हातमोजे आणि डोक्याला बांधायचा दिवा लागतो. पोट घरी गेल्या गेल्या साफ करायचं, कातडं लगेच उतरवायचं, नाहीतर आतली ऊब मांस नासवते.

"आणि मुंडकं?"

मुंडकं सरकारजमा. शिंगं असोत-नसोत, भेज्यासकट अख्खं, कामाचे पाच दिवस संपायच्या आत वन्यजीव खात्याच्या कचेरीत नेऊन द्यायचं. शिंगांच्या लोभानं कुणी हरणांवर गाड्या घालू नयेत, हा हेतू तर उघड आहे. शिवाय हरणांना झिजवून मारणाऱ्या एका रोगाची तपासणी त्याच डोक्यावरून होते. तो शेजारच्या आयडाहोत २०२१ साली सापडला, आणि त्याचं कारण असलेली प्रथिनं शिजवूनही मरत नाहीत. त्यामुळे भेजा फ्रायच्या शौकिनांनी या वाटेला जाऊ नये. शनिवार-रविवार मोजत नाहीत, म्हणून ते मुंडकं आत्ता माझ्या फ्रीझरमध्ये, बासमतीच्या पिशवीत, मटारांच्या शेजारी आहे. बायको मटार काढत नाही.

हेच हरीण कोलंबिया नदीच्या पुलापलीकडे, वॉशिंग्टन राज्यातल्या क्लार्क काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मेलं असतं, तर त्याला हातही लावता आला नसता. तिथे पांढऱ्या शेपटीच्या संरक्षित हरणांमुळे तीन काउंट्यांत हरीण उचलायलाच बंदी आहे. मरावं कुठे, यालाही नशीब लागतं.

डायरी मिटून काका हळूच म्हणाले, "थोडं आम्हाला... लेक करते तांबडा रस्सा." आणि वीस डॉलरची नोट पुढे केली.

"काका, विकणं गुन्हा आहे. फुकट देता येतं, लेखी नोंद करून."

"फुकट कसं घेणार?" त्यांचा चेहरा खरोखर पडला. ताडपत्रीवर हरीण, मध्ये ती नोट, आणि आमचं ते घ्या-नको, घ्या-नको. जावयानं हॉर्न वाजवला.

शनिवारी दोन किलो मांडी, चरबी काढून, डब्यात घालून पोचवली. या चरबीला मेणासारखी चव असते, ती ठेवली की कोल्हापुरी मसालाही हरतो. नोंदवहीवर काकांनी सही केली आणि खाली तारीख घातली.

रविवारी डबा परत आला. रिकामा कसा येईल? आत अकरा बेसनाचे लाडू आणि डायरीचं फाडलेलं पान:

"सदर लाडू हे प्राप्त मांसाचा मोबदला नसून, घरी जास्त झाल्याने पाठविले आहेत. चू. भू. द्या. घ्या. ता. क. पगाराचं काही असेल तर संकोच करू नका."