खुलासा : एमआरआयमध्ये ‘फायब्रोसिस’ आलं म्हणजे ऑपरेशन फसलं, असं नाही

‘मणक्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा पाठ दुखली आणि एमआरआयमध्ये फायब्रोसिस किंवा डिस्क बल्ज आलं, की ऑपरेशन फसलं; दुसरं करावंच लागतं’ हा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

फायब्रोसिस म्हणजे आतला व्रण. कातडीवर टाक्यांची खूण राहते, तशीच नसेभोवतीही. काहीच दुखत नसलेल्यांच्या स्कॅनमध्येही ती दिसते. बल्ज म्हणजे मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगून बाहेर येणं. त्याचंही तेच: 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात पाठदुखी नसलेल्या विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत बल्ज आढळला.

खरा प्रश्न असतो, व्रण की पुन्हा सरकलेली गादी? त्यासाठी शिरेतून गॅडोलिनियम हे फरक उठून दाखवणारं द्रव्य देऊन एमआरआय करतात. व्रण उजळतो, गादीचा तुकडा मधोमध काळाच राहतो. तरीही डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी हवीच. रिपोर्ट डाव्या नसेबद्दल बोलतोय आणि कळ उजव्या पायात येतेय, तर त्या ओळीवरून ऑपरेशन कसं ठरवणार?

मात्र लघवी अडणं, जांघेत बधिरपणा, पाऊल लुळं पडणं किंवा ताप असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

घाबरलेल्या माणसाला तो मेसेज आणखी खचवतो. कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.