गुडघे तपासणाऱ्यांनी झोपेचीही चौकशी करावी

माझ्या आईला गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात, होऊन नऊ वर्षे झाली. या काळात काढलेले सगळे एक्स-रे तिच्या फाइलमध्ये तारखेनुसार लावलेले आहेत, परंतु "झोप लागते का? मन कशात रमते का?" असे तिला एकाही तपासणीत विचारले गेल्याचे मला आठवत नाही. आम्ही घरच्यांनीही ते विचारले नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. ती हळूहळू अबोल होत गेली आणि आम्ही "वय झाले, दुखायचेच" असे म्हणत राहिलो. तिला नैराश्य आले आहे हे आमच्या लक्षात यायला दोन वर्षे गेली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 मध्ये जगात सुमारे 52 कोटी 80 लाख लोकांना हा आजार होता, आणि अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हा आजार असलेल्या साधारण पाच जणांमागे एकाला नैराश्याची लक्षणे असतात. तो पाचवा माणूस बऱ्याच अंशी आधीच ओळखता येतो, असे माझे ठाम मत आहे. फक्त त्याला एक्स-रेमध्ये शोधू नये. सांध्यातली फट जवळजवळ बुजलेली असूनही हिंडणारी-फिरणारी माणसे असतात आणि थोडक्या झिजेने हैराण झालेलीही असतात. नैराश्याचा संबंध अधिक आहे तो वेदना किती तीव्र आहेत, किती सांधे दुखतात आणि त्या दुखण्यापायी रोजच्या जगण्यातले काय काय सुटले, याच्याशी.

आई खुर्चीतून उठताना दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रोवते, पुढे झुकते, क्षणभर थांबते आणि मग ओठ घट्ट मिटून उठते. हे उठणेच नकोसे झाल्यावर आधी दाराची बेल वाजली की दुसऱ्या कोणी उठावे असे तिला वाटू लागले, मग संध्याकाळचे फिरणे थांबले, मैत्रिणींकडे जाणे थांबले आणि शेवटी त्यांचे फोन घेणेही. या सगळ्याची नोंद तपासणीच्या कागदावर "चालणे कमी" एवढ्या दोन शब्दांत झाली होती.

स्त्रिया, एकटे राहणारे, आर्थिक ओढग्रस्तीत असणारे, वजन जास्त असलेले, मधुमेह किंवा हृदयविकार असे दुसरे आजार सोबत असलेले आणि पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलेले, या सर्वांना धोका अधिक असतो. तुलनेने कमी वयात हा आजार झालेल्यांचाही त्यात समावेश आहे, ही गोष्ट अनेकांना पटत नाही. पण बरोबरीचे लोक धावपळ करत असताना ज्याला जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरावी लागते, त्याच्या मनावर काय ओझे असेल, याचा विचार करून पाहावा.

झोपेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवे. कूस बदलताना गुडघ्यात कळ येते आणि जाग येते. झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक बोचते. थकव्यामुळे हालचाल कमी होते, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि सांध्याला मिळणारा आधार आणखी घटतो. वेदनेतून थकवा आणि परावलंबन, त्यातून खचलेले मन आणि त्यातून पुन्हा वाढलेली वेदना, ही साखळी वयस्क रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या 2011 च्या एका कॅनेडियन अभ्यासातही दिसली होती. अडचण अशी की थकवा आणि झोप न लागणे ही नैराश्याचीही लक्षणे आहेत, आणि घरचे व डॉक्टर दोघेही ती सहज गुडघ्याच्या खात्यावर टाकतात.

म्हणूनच नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी वापरले जाणारे दोन साधे प्रश्न प्रत्येक भेटीत विचारले जावेत, असा माझा आग्रह आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास किंवा निराश वाटले, आणि किती दिवस कशातच रस किंवा आनंद वाटला नाही? यावरून निदान होत नाही; पुढची तपासणी हवी की नको, एवढे कळते, आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

"म्हणजे दुखणे मनाचे खेळ आहेत असे म्हणायचे का?" असा प्रश्न आईनेच मला केला होता. तसे मुळीच नाही. मनःस्थितीशी संबंध असलेली सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने मज्जारज्जूत वेदनेचे संदेश दाबण्याचेही काम करतात. नैराश्यावरील ड्युलॉक्सेटिन या औषधाला 2010 मध्ये अमेरिकेत स्नायू-सांध्यांच्या जुनाट वेदनेसाठीही मान्यता मिळाली; ते याच रसायनांवर काम करते. ते प्रत्येकाला चालतेच असे नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते सुरू किंवा बंद करू नये. संधिवात आणि नैराश्य दोन्ही असलेल्या साठीपुढच्या 1001 रुग्णांवरील, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्यावर नीट उपचार केल्यावर सांधेदुखी आणि तिच्यामुळे होणारा अडथळाही कमी झाला होता.

शेवटी ते दोन प्रश्न मीच आईला विचारले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तीनला जाग येते, ती सकाळपर्यंत. तुमची झोप मोडायला नको म्हणून दिवा लावत नाही." पुढच्या भेटीत मी हे वाक्य कागदावर लिहून एक्स-रेच्या वर ठेवले.