'एक ठाणेकर' यांना उत्तर: 'तुमच्यासारख्या आया' म्हणजे नक्की कोण?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया २६ तारखेला रात्री पावणेबाराला आली. मी ती सकाळी चहा उकळत असताना वाचली आणि चहा उतू गेला. दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल भाजी निवडताना, गाडीत बसल्यावर, मुलांना झोपवताना तुमचं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही नाव दिलेलं नाही, नुसतं 'एक ठाणेकर' म्हटलंय. मीही ठाणेकरच आहे, जन्माने.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरी आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांच्याबरोबर नाताळ कसा केला, त्यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की मराठीत लिहिता तर 'ख्रिसमस' कशाला, 'नाताळ' म्हणा. सांता येऊन उशाशी खाऊ ठेवतो हे मुलांना सांगणं म्हणजे खोटं बोलणं. झाड प्लास्टिकचं, आणि हा सगळा मॉलवाल्यांचा धंदा. येशूचं नावही न घेता नुसती रोषणाई करणं हा ज्यांचा सण आहे त्यांचाही अपमान. चिमाजी अप्पांनी वसई याचसाठी घेतली का? आणि शेवटी, 'आपले सण ज्यांना ओझं वाटतात अशा तुमच्यासारख्या आयाच हे असलं घरात आणतात.'

आधी जे मान्य आहे ते सांगते. 'नाताळ' लिहायला हवं होतं. बरोबर आहे तुमचं, मी शीर्षक बदललंय. फक्त एक लक्षात असू द्या, की 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीज आहे. पगार, चावी, साबण, इस्त्री आणि आपला हापूस ज्या वाटेने मराठीत आले त्याच वाटेने तोही आला. तुम्हाला तो आपला वाटतो, याचा मला आनंद आहे. झाडावर बर्फ म्हणून कापूस लावला होता, तोही पुढच्या वर्षी लावणार नाही. ठाण्यात बर्फ पडत नाही हे माझ्या मुलीनेही सांगितलं होतं.

सांताबद्दल मी वाद घालणार नाही. बागुलबुवाची भीती दाखवून दोन घास भरवलेली पिढी आहे आपली, तेव्हा कोणी कोणाला खोटं म्हणायचं? झाड सहा वर्षांपूर्वी घेतलेलं आहे, दरवर्षी तेच माळ्यावरून काढतो. आणि येशूचं नाव. गव्हाणीत बाळ ठेवलंय ते कोणाचं, हे माझ्या मुलांना माहीत आहे. लेखात लिहिलं नाही म्हणून घरात सांगितलं नाही असं होत नाही. पुढे जाते.

तुमच्या शेवटच्या वाक्यावर मात्र थांबायचंय मला.

'आया.' आई नाही, आईवडील नाहीत, घर नाही. आया. त्या लेखात पाच फोटो आहेत. दुसऱ्या फोटोत स्टुलावर चढून खिडकीत चांदणीचा कंदील लावणारा माणूस माझा नवरा आहे. चौथ्या फोटोत माझे सासरे नातवाला मांडीवर घेऊन पुठ्ठ्याला डिंक लावतायत. तुम्हाला या दोघांना काही विचारावंसं वाटलं नाही. संस्कृती बुडत असली तर ती बाईच्याच हातून बुडते, आणि टिकवायची असली तर तीही तिनेच, पहाटे उठून, आंघोळ करून, पदर खोचून. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. लग्नात ऐकलं, बाळंतपणात ऐकलं, आणि आता माझ्या स्वतःच्या पानावर, नाव न सांगणाऱ्या माणसाकडून ऐकते आहे.

आणि 'ओझं'. हा शब्द तुम्ही फार सहज लिहिलात. आमच्याकडे गौरी असतात. धाकटा दोन महिन्यांचा होता तेव्हाही होत्या. सोळा भाज्या, पुरण, पंचामृत, कोशिंबिरी, सगळा नैवेद्य मी केला, आणि मधेमधे आत जाऊन त्याला पाजलं. तेव्हा पाठ मोडली होती का? मोडली होती. ओझं वाटलं का? त्या दुपारी वाटलं, हो. संध्याकाळी गौरींपुढे दिवा लावल्यावर नाही वाटलं. ज्याने कधी सोळा भाज्या चिरल्या नाहीत त्याने हा शब्द वापरू नये. तुम्ही चिरल्या असतील तर माफी मागते, पण तुमच्या प्रतिक्रियेच्या सुरावरून तसं वाटत नाही.

पाडव्याला सकाळी सहाला आम्ही चौघं तलावपाळीला असतो, कौपिनेश्वराच्या स्वागतयात्रेत. मुलगी नऊवारीत, मुलगा डुलक्या घेत बापाच्या खांद्यावर. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात मुलं किल्ला करतात, त्याची माती मी आणते. हे मी लिहीत नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही. ते श्वासासारखं आहे. नाताळावर लिहिलं कारण तो माझ्याकडे कसा आला याला एक गोष्ट आहे. ती लेखात नव्हती. आता सांगते.

आम्ही चरईत राहायचो, दोन खोल्या, सामाईक गॅलरी. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. १९९४ साली तिथे टाळेबंदी झाली. मी आठ वर्षांची होते. त्या दिवाळीला आईने चिवडा तेवढा केला, बाकी फराळ नाही. शेजारच्या घरात एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथलंच मराठी बोलणारं ख्रिस्ती कुटुंब होतं, मूळचं वसईकडचं. त्या आंटी आमच्याशी मराठीतच बोलायच्या, माझ्या आईपेक्षा ठसक्यात. डिसेंबरच्या मध्यावर त्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "पोरीला दोन तास पाठवा, मला हात कमी पडतात." एवढंच. आमच्या घरात काय चाललंय ते साऱ्या गॅलरीला ठाऊक होतं, त्यांनाही. पण त्यांनी मदत मागितली, दिली नाही.

त्यांनी मला कुलकुल करायला शिकवलं. मैदा, नारळाचं दूध, अंडं यांचं घट्ट पीठ. त्याची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर, दात्यांवर, अंगठ्याने दाबून पसरायची आणि वरून खाली गुंडाळत आणायची. नीट जमलं तर शिंपल्यासारखी वळी होते, अंगावर रेघा असलेली. नाही जमलं तर गोळीच राहते. माझ्या पहिल्या वीस-पंचवीस गोळ्याच राहिल्या. आंटींनी त्याही तळल्या आणि पाकात घोळवल्या. त्या दिवशी त्यांच्या घरात नेवऱ्याही होत होत्या. मी आत डोकावून म्हटलं, "ह्या तर करंज्या!" आंटी म्हणाल्या, "मग काय!"

आमची आजी अंडं शिवायची नाही. २४ तारखेला संध्याकाळी आंटींकडून ताट आलं, क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं. त्यात एका बाजूला खाकी कागदात वेगळी पुडी होती आणि वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आजी'. बिनअंड्याच्या नेवऱ्या, वेगळ्या कढईत तळलेल्या. आजीने पुडी उघडली, वास घेतला, देवापुढे ठेवली आणि मग खाल्ली. आईला ताट परत करायचं होतं आणि रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. घरात होतं नव्हतं ते तिने त्यात ठेवलं. मूठभर तांदूळ आणि दोन लिंबं.

मला हा सण मॉलने दिलेला नाही. तेव्हा ठाण्यात मॉल नव्हतेच.

आता वसई. चिमाजी अप्पांचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, कारण मलाही त्यांच्याबद्दल तुमच्याइतकाच अभिमान आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये वसई. ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला पोर्तुगीजांचा, आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांच्या काळात इथल्या लोकांवर जुलूम झाला, देवळं पाडली, हे मी नाकारत नाही. पण मोहीम पोर्तुगीज सत्तेविरुद्ध होती. सत्ता गेली आणि माणसं इथेच राहिली. तीच माणसं, तीच भातशेती, तीच मराठी. वसईच्या विजयात आणलेल्या घंटा देवळांत टांगल्या गेल्या, नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच. आपण अजून कुणाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतो. म्हणजे अप्पांच्या माणसांना त्या घंटेचा विटाळ झाला नाही, आणि तुम्हाला माझ्या खिडकीतल्या कंदिलाचा होतोय.

ठाण्यात ख्रिस्ती माणूस पोर्तुगीजांबरोबरच आला असाही तुमचा समज दिसतो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात मारले गेले. वास्को द गामा कालिकतला उतरायला तेव्हा पावणेदोनशेहून अधिक वर्षं बाकी होती. ते चौघं ठाण्यात उतरले होते तेही एका ख्रिस्ती कुटुंबाकडेच. ज्या संत फ्रान्सिसचे ते अनुयायी, त्याच फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात गवत पसरून, बैल आणि गाढव उभे करून गोठ्याचा देखावा केला. आज घरोघरी होणारी गव्हाणी तिथून रुळली. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. गव्हाणी सुरू झाल्याला शंभर वर्षंही झाली नव्हती आणि त्या माणसाचे शिष्य आपल्या ठाण्याच्या खाडीवर पोचले होते.

परक्यांचा सण म्हणालात, म्हणून आणखी एक. २०२० साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांनाही तुम्ही परके म्हणणार असाल तर आपलं बोलणं इथेच संपलं.

आमची गव्हाणी कशी होते तेही सांगते, कारण तुम्ही फोटो नीट पाहिलेले दिसत नाहीत. बुटांचा रिकामा खोका आडवा. पुढे दोन करवंट्या, त्यात १२ डिसेंबरला गहू पेरलेला, २४ तारखेपर्यंत तो चार बोटं वर येतो. ही रीत आंटींकडची. पहिल्या वर्षी सासूबाईंनी करवंट्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर घटाचं!" तेव्हापासून गहू त्याच पेरतात, पाणीही त्याच शिंपडतात, कोणाला हात लावू देत नाहीत. बैल पोळ्याचा, मातीचा, एक शिंग मोडलेला. मेंढ्या कापसाच्या. आणि दाराशी दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा उभा आहे, भाला घेऊन. तो धाकट्याने ठेवला. मी विचारलं, हा इथे कशाला? तर म्हणाला, "बाळ झोपलंय ना, मग पहाऱ्याला कोण?"

चार वर्षांच्या मुलाला जे आपोआप सुचलं त्यात तुम्हाला संस्कृतीचा ऱ्हास दिसत असेल, तर मी तुम्हाला काय समजावणार? मला त्यात माझं सगळं दिसतं. मला त्यात चरईची गॅलरी दिसते.

आंटी आता नाहीत. त्यांचं कुटुंबही ठाण्यातून गेलं. २४ तारखेला संध्याकाळी मी मुलांना घेऊन जांभळी नाक्याजवळच्या सेंट जॉनच्या चर्चमध्ये गव्हाणी बघायला जाते, येताना कौपिनेश्वराला. चालत जाण्याइतकं अंतर आहे. मुलं दोन्हीकडे चपला कुठे काढायच्या हा एकच प्रश्न विचारतात.

यापुढे तुमची प्रतिक्रिया आली तर मी ती ठेवीन, पुसणार नाही. मतभेद असू देत, कितीही तिखट असू देत. पण 'तुमच्यासारख्या आया' असं पुन्हा लिहिलंत तर ती काढून टाकीन. ही जागा माझी आहे, आणि आपल्या घरात येऊन कोणी असं बोललं तर आपण चहा विचारत नाही.

तुम्ही विचारलं होतंत की मुलांना बोरन्हाण तरी माहीत आहे का. धाकट्याचं शेवटचं बोरन्हाण यंदा संक्रांतीनंतर आहे, रथसप्तमीच्या आत. हलव्याचे दागिने सासूबाई करतायत, काळं झबलं मी शिवलंय. त्याचे फोटो इथे टाकेन की नाही ते ठरवलेलं नाही. तुम्हाला दाखवायला म्हणून मी ते करत नाहीये.